विंडोज नवी टाकू नका, आहे तीच हलवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा मोफत सपोर्ट थांबवला. तेव्हापासून आपल्या नाशिकमध्ये जुने संगणक मोडीत काढण्याची आणि उरलेल्यांवर फॉरमॅट मारण्याची जी घाई चालली आहे, तिच्याबद्दल हे पत्र लिहिते आहे. माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं, दुकान पंचवटीत आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं, मंडळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल ही कामं मी पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळापासून करते. संगणक दुरुस्ती हा काही माझा मूळ धंदा नव्हे. पण स्वतःची मशीनं स्वतः सांभाळता सांभाळता ते काम हाताला लागलं आणि आता आजूबाजूचे लोक सीपीयू उचलून थेट माझ्याकडे येतात.

त्यांचं गाऱ्हाणं एकाच ठिकाणी येऊन थांबतं. मशीन संथ झालं किंवा हार्ड डिस्क कटकट वाजू लागली की दुरुस्तीवाला सांगतो, ‘फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून देतो, तुमचे फोटो तेवढे काढून ठेवतो.’ गिऱ्हाईक मान डोलावतं, कारण दुसरा काही मार्ग असतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरा मार्ग आहे. जुन्या डिस्कवरची विंडोज, तिच्यातली सगळी सॉफ्टवेअर, फाँट, प्रिंटरची जुळणी, साठवलेले पासवर्ड, डेस्कटॉपवरच्या खुणा हे सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उचलून नेता येतं. त्याला क्लोन करणं म्हणतात. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, दुरुस्तीवाल्यांना ते माहीतही असतं. मग ते ग्राहकाला सांगितलं का जात नाही?

आमच्या भागातल्या एका मंडळाच्या संगणकाचं काय झालं ते सांगते. त्यात अनेक वर्षांच्या स्मरणिका होत्या. मशीन चालू व्हायला फार वेळ घेतं म्हणून कार्यकर्त्यांनी ते दुरुस्तीला टाकलं. तिथल्या मुलाने प्रामाणिकपणे ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉप पेनड्राइव्हवर उतरवून दिला आणि सी ड्राइव्ह पुसून नवी विंडोज टाकली. पेजमेकरच्या काही फायली सी ड्राइव्हवर वेगळ्याच फोल्डरात होत्या, त्या गेल्या. ज्या वाचल्या त्या उघडल्यावर पडद्यावर मराठीचं एक अक्षर दिसेना. रोमन अक्षरं, टक्क्याची चिन्हं, कंस आणि मध्येच फ्रेंचमधले टोपीवाले स्वर, असा सगळा काला. कार्यकर्ते म्हणाले, ‘ताई, फायलींना व्हायरस लागलाय.’ व्हायरस वगैरे काही नव्हतं, फाँट गेला होता.

इंग्रजीत काम करणाऱ्याला हा प्रश्न येत नाही, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्याआधी मराठी फाँट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती. इंग्रजी अक्षरांच्या घरांमध्ये मराठीचे तुकडे बसवलेले असत. एका घरात काना, दुसऱ्यात वेलांटी, तिसऱ्यात अर्धा ‘त’, चौथ्यात रफार. म्हणजे फाइलमध्ये मराठी साठलेलीच नसते, साठलेले असतात त्या घरांचे क्रमांक. त्यांची मराठी करतो तो फाँट. तो मशीनवर असेल तोवर ‘श्री गजानन प्रसन्न’ सुबक दिसतं. तो पुसला की उरतो रोमन कचरा. विंडोज 2000 पासून देवनागरी युनिकोड विंडोजमध्येच येऊ लागलं हे खरं, पण छपाईच्या धंद्याने जुने फाँट सोडले नाहीत. पेजमेकरला मराठी युनिकोड जमत नाही, 2001 सालची 7.0 ही त्याची शेवटची आवृत्ती, आणि आमची निम्मी जुनी कामं त्यातच अडकलेली आहेत.

नुसते फाँट कॉपी करून ठेवले तर भागत नाही का, असं कुणी विचारेल. अर्धं भागतं. फाँटबरोबर त्याचा कीबोर्ड हवा, तो चालवणारं सॉफ्टवेअर हवं, त्या सॉफ्टवेअरचा डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची चावी) ओळखणारा ड्रायव्हर हवा, ज्या प्रिंटरवर पानांची मांडणी बसवली आहे त्याचा ड्रायव्हर हवा. यातल्या बऱ्याच गोष्टींच्या सीडी आज कुणाकडे नाहीत, आणि असल्या तरी सीडी ड्राइव्ह नाही. हे सगळं आज एकाच ठिकाणी नीट बसलेलं आहे, ते म्हणजे ती जुनी, वाजणारी, बदनाम झालेली हार्ड डिस्क.

मशीन संथ का होतं हेही लोकांना कुणी सांगत नाही. हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरते आणि एक दांडी तिच्यावरून पुढे-मागे सरकत माहिती वाचते. मिनिटाला 7200 फेऱ्यांची डिस्क असली तरी दांडी योग्य रेघेवर जायला आणि हवा तो भाग तिच्याखाली यायला मिळून दहा-बारा मिलिसेकंद जातात. वेगवेगळ्या जागी विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचून होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फायली मागते. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नाही, तिथे हेच काम सेकंदाला काही हजारांनी होतं. म्हणून दहा वर्षं जुन्या मशीनमध्ये एसएसडी घातली की तेच मशीन चटकन उठतं. प्रोसेसर तोच, रॅम तीच, विंडोजही तीच. फॉरमॅट मारल्याने जो वेग वाढल्यासारखा वाटतो तो काही महिन्यांत पुन्हा उतरतो, कारण मूळ अडचण जागच्या जागी असते.

माझ्याकडे आलेलं एक काम मात्र मनात घर करून राहिलं. पंचवटीतल्या एका तीर्थपुरोहितांचं मशीन होतं. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता लिहिते. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या आहेत. यजमान रामकुंडावर येतो, गाव आणि आडनाव सांगतो आणि गुरुजी वही उघडून त्याला त्याच्या पणजोबांची सही दाखवतात. नाशिकच्या वाचकाला हे नव्याने सांगायला नको. गुरुजींनी काय केलं होतं, तर गाव, आडनाव, वहीचा क्रमांक आणि पान अशी सूची स्वतः बसून एक्सेलमध्ये टाइप केली होती, अर्थातच जुन्या फाँटात. मशीन विंडोज 7 चं. दुकानदाराने त्यांना सांगितलं, हे आता चालायचं नाही, नवीन घ्या, फोटो काढून देतो. गुरुजी मला म्हणाले, ‘ताई, फोटो त्यात एकही नाही. जे आहे ते त्याला दिसतच नाही.’

मशीन उघडलं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅमने डिस्कची प्रकृती कळते. त्यात निळ्याऐवजी पिवळा रंग आला आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या रकान्यात शून्य नव्हतं. याचा अर्थ काही जागा डिस्कला वाचता येत नव्हत्या. अशा वेळी आधी क्लोन सुरू करायचा नसतो. क्लोन करताना आजारी डिस्क तासन्‌तास एकसारखी चालते, आणि मध्येच बसली तर सूचीही गेली. म्हणून सगळ्यात आधी ती एक्सेलची फाइल, फाँटचं फोल्डर आणि गुरुजींचं बाकीचं लेखन दुसरीकडे उतरवून घेतलं. मग मशीन बंद केलं.

क्लोनसाठी मी क्लोनझिला वापरते. तैवानच्या राष्ट्रीय महासंगणक केंद्रात तयार झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करायचं, म्हणजे विंडोज झोपलेली असते आणि तिची कुठलीही फाइल वापरात नसते. नुसतं कॉपी-पेस्ट करून नवी डिस्क बूट का होत नाही, म्हणजे तिच्यावरून मशीन सुरू का होत नाही, असं पुष्कळ लोक विचारतात, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे: चालू विंडोज आपल्या वापरातल्या फायली कॉपी करू देत नाही. उरलेलं अर्धं असं, की डिस्कच्या अगदी सुरुवातीला बूटची नोंद असते आणि शेजारी एक छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) असतं, जे ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसतही नाही. विंडोज 7 मध्ये ते शंभर एमबीचं असतं. नव्या मशीनवर त्याच्या जागी ईएफआयचं, म्हणजे नव्या पद्धतीच्या बूटचं, पार्टिशन असतं. ते आलं नाही तर बाकी सगळं येऊनही मशीन काळ्या पडद्यावर थांबतं. म्हणून सी ड्राइव्ह नव्हे, अख्खी डिस्क क्लोन करायची.

सगळ्यात जपायचं ते इथे. क्लोनझिला दोन्ही डिस्क ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा नावांनी दाखवतं. कुठून घ्यायचं आणि कुठे ठेवायचं हे उलटं झालं, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग काही करता येत नाही. मी दोन्ही डिस्कचे कंपनी, क्षमता आणि सीरियल नंबर कागदावर लिहून तो कागद कीबोर्डला चिकटवते. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा विचारतो, नक्की का? प्रत्येक वेळी तो नंबर वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबायचं नाही. गुरुजींच्या डिस्कला खराब जागा होत्या, म्हणून वाचता न येणारा भाग सोडून पुढे जाण्याचा ‘रेस्क्यू’ पर्याय निवडला. डिस्क याहून जास्त बिघडलेली असती तर डीडीरेस्क्यू हे दुसरं सॉफ्टवेअर वापरावं लागलं असतं. ते आधी धड भाग उचलतं, खराब जागांची नोंद ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्यापेक्षा मोठी घ्यावी, कारण क्लोनझिला नेहमीच्या पद्धतीने लहान डिस्कवर उतरत नाही. 320 जीबीच्या जागी 240 ची एसएसडी स्वस्त मिळते म्हणून घेऊन आलेले लोक इथे अडतात.

काम झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवली आणि एकटी नवी लावून मशीन सुरू केलं. दोन्ही लावून पहिल्यांदा सुरू करू नये. दोघींची ओळखखूण आता एकच झालेली असते, त्यामुळे विंडोजचा गोंधळ होतो आणि ती एकीला ऑफलाइन टाकते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, साटाची (डिस्क जोडण्याच्या वाटेची) मांडणी आयडीई या जुन्या पद्धतीची होती, ती आयडीईच राहू दिली. ती आधी बदलली असती तर विंडोज 7 निळा पडदा दाखवून थांबली असती. गुरुजींनी पासवर्ड टाकला, एक्सेल उघडलं, ‘सिन्नर’ शोधलं, आणि गावांची ओळ आपल्या मराठीत समोर आली. वाळवी लागलेल्या वहीची नवी प्रत करताना आमच्याकडे पान न्‌ पान उतरवतात, तसंच हे झालं, असं तेच म्हणाले. ते मशीन मी इंटरनेटपासून कायमचं तोडून दिलं आहे. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपला, असलं मशीन नेटवर ठेवणं धोक्याचं. सूचीची युनिकोड प्रत करण्याचं काम आता सुरू आहे. पण ते सवडीने होतं आहे, कारण मूळ प्रत सुरक्षित आहे.

विंडोज 10 वाल्यांनी घाबरून जाऊ नये. घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केली आहे. साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनची मशीनं विंडोज 11 ला चालतात, टीपीएम 2.0 ही मशीनमधली सुरक्षेची सोय मात्र लागते. अशा मशीनवर आधी क्लोन करून एसएसडी बसवा आणि मग त्यावरच अपग्रेड करा. फॉरमॅटची गरज पडत नाही. मदरबोर्ड तोच असेल तर विंडोजचं लायसन्सही सहसा तसंच राहतं, ते डिस्कला बांधलेलं नसतं. लॅपटॉप असेल तर क्लोनच्या आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) बंद आहे का ते बघा आणि त्याची 48 आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा. ही की हाताशी नसल्यामुळे चांगल्या मशीनचा डेटाही कुलूपबंद राहू शकतो. विंडोज 7 वर फार नव्या पद्धतीची एनव्हीएमई एसएसडी घेऊ नका, ती विंडोज तिला मुळात ओळखत नाही. साधी अडीच इंची साटा एसएसडी पुरे.

नवी विंडोज टाकणंच योग्य असतं असे प्रसंगही आहेत. मशीनला खरोखर व्हायरस लागला असेल तर क्लोनबरोबर तोही येतो. मदरबोर्डच बदलत असाल तर जुनी सिस्टीम नव्या जागी रुळेलच असं नाही. काही जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची परवानगी डिस्कच्या कारखान्यातल्या क्रमांकाला बांधलेली असते आणि तो क्रमांक क्लोनमध्ये येत नाही. पिंपळगावच्या एका अडत्याकडे असं झालं. बाकी सगळं आलं, हिशेब मात्र उघडेना. जुनी डिस्क जपून ठेवली होती म्हणून ती पुन्हा लावून त्यांना हिशेब बाहेर काढता आले. म्हणूनच सांगते, नव्या डिस्कवर प्रत्येक प्रोग्रॅम उघडून, एक-एक पान छापून बघेपर्यंत जुनी पुसू नका. आणि क्लोन झाला म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. एसएसडी जाताना हार्ड डिस्कसारखा आवाज करून सूचना देत नाही.

आता ज्यांच्या हातात काही आहे त्यांना माझं मागणं.

दुरुस्तीच्या दुकानदारांनी मशीन ताब्यात घेतानाच्या पावतीवर दोन ओळी छापाव्यात: ‘सिस्टीम जशीच्या तशी हलवावी’ आणि ‘सर्व पुसून नवी टाकावी’. ग्राहकाने एकीवर खूण करून सही करायची. क्लोनला वेळ जास्त लागतो, मशीन दुकानात अडकून पडतं, त्याची मजुरी जास्त घ्या. लोक देतील. माझ्याकडे येणारे देतात. पण पुसण्याआधी विचारा. मशीनमध्ये काय आहे हे मालकालाच ठाऊक असतं, डेस्कटॉपवर जे दिसतं तेवढंच नसतं.

शाळा, पतसंस्था, वाचनालयं आणि मंडळं यांनी जुनी मशीनं निर्लेखित करण्याआधी प्रत्येक डिस्कची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे फायलींच्या रूपात साठवलेली अख्खी नक्कल, मोठ्या बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवावी. क्लोनझिला तेही करतं. त्यानंतरच जुनी डिस्क द्यायची आणि तीही पुसून. क्विक फॉरमॅटने काही पुसलं जात नाही. विंडोजबरोबरच येणाऱ्या डिस्कपार्टमधली ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिते, ती वापरावी. माझ्यासारख्यांच्या डिस्कवर गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांच्या स्कॅन प्रती असतात. त्या भंगाराच्या गाडीवर जाता कामा नयेत.

तिसरी विनंती आयटीआयच्या निदेशकांना. सातपूरच्या आयटीआयसारख्या ठिकाणी संगणकाचे विद्यार्थी विंडोज टाकायला शिकतात. त्यांना चालू विंडोज हलवायलाही शिकवा, जुन्या डिस्कवर प्रात्यक्षिक द्या. सिंहस्थ तोंडावर आला आहे. 2015 नंतर आता पुन्हा लाखो यजमान रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला येतील, आणि पंचवटीत व त्र्यंबकला सूची संगणकावर असलेले माझ्याकडे आलेले ते गुरुजी एकटेच नाहीत. धर्मशाळांच्या नोंदी आहेत, देवस्थानांचे हिशेब आहेत, त्यातलं पुष्कळसं जुन्या मशीनवर आणि जुन्या फाँटांत आहे. गर्दी सुरू होण्याआधी विद्यार्थ्यांनी एखाद्या शनिवार-रविवारी पंचवटीत बसून या मशीनच्या डिस्क तपासून दिल्या तर मी माझं दुकान, टेबलं आणि केबल मोकळी करून देईन. जागेची आणि विजेची जबाबदारी माझी. ज्या संस्थेला हे करायचं असेल तिने आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधावा. माझा पत्ता आणि फोन नंबर या पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. तो छापू नये, पण विचारणाऱ्या संस्थेला अवश्य द्यावा.

आपली वाचक,
एक डीटीपी व्यावसायिक,
पंचवटी, नाशिक